वर्गणी नागपूरची, वाचन स्टुटगार्टचं

“काहून गं, पुस्तक उघडूनच नाही राहिलं.”

माझ्याकडे सकाळचे सात वाजले होते, नागपुरात साडेदहा. पूजा आणि पेपर आटोपून आई वाचायला बसते ती ही वेळ. टॅबवर कादंबरीचं मुखपृष्ठ दिसत होतं, पण बोट लावलं की सदस्यत्व संपल्याची इंग्रजी पाटी येत होती. मी उशाशी ठेवलेलं माझं ई-पुस्तकांचं वाचनयंत्र उघडलं. तेच मुखपृष्ठ आणि तीच पाटी. माझी साठेक पानं उरली होती, आईची जेमतेम वीस.

हा ऑक्टोबर २०२१. मला जर्मनीत, स्टुटगार्टला येऊन चार आठवडे झाले होते. घर लावून झालं नव्हतं, पण वाचायची सोय मी नागपूरहून सोबत आणली आहे, अशा समजुतीत होते. ही ई-पुस्तकांची मासिक वर्गणी आम्ही २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घेतली. लक्ष्मीनगरातल्या आमच्या घरापासून आईचं वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून ती आठवड्याला दोन पुस्तकं आणायची. ते बंद झालं आणि तिची घालमेल सुरू झाली. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दवाखान्यात जायची भीती. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे कळल्यावर पहिल्या दिवशी तिनं सलग चार तास वाचलं. महिन्याला दोनशे रुपयांच्या आत हवी तेवढी पुस्तकं मिळत होती. एका वेळी ठरावीक संख्येनं घ्यायची, वाचून परत करायची की पुढची. आईला हे लगेच समजलं, कारण वाचनालयाचा हिशेब तिच्या अंगवळणी पडलेला होता.

खातं माझ्या नावाचं, कार्ड माझं. टॅब आणि माझं यंत्र दोन्ही त्याच खात्यावर. त्यामुळे एक गंमतीची गोष्ट व्हायची. मी रात्री पुस्तक उघडलं की यंत्र विचारायचं: दुसऱ्या उपकरणावर तुम्ही पान २१४पर्यंत पोचला आहात, तिथे जायचं का? म्हणजे आईनं दुपारी तिथवर वाचलेलं असायचं. मी ‘नाही’ म्हणून माझ्या पानावर राहायची, पण आज तिनं वाचलं, बरी आहे, हे कळायचं. जर्मनीत आल्यावर या एका प्रश्नाचं मोल मला फार वाटू लागलं. फोनवर माणूस ‘बरी आहे’ म्हणतं. पान नंबर मात्र खरं सांगतो.

तर पाटी का आली? भारतीय बँकांच्या कार्डांवरून दर महिन्याला आपोआप पैसे वळते करण्यासाठी रिझर्व्ह बँकेची नवी चौकट १ ऑक्टोबर २०२१पासून पूर्णपणे लागू झाली होती. वर्गणीची नोंद, म्हणजे ई-मँडेट, आधी ओटीपी देऊन करायची. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं. पाच हजारांवरच्या रकमेला दर वेळी नव्यानं ओटीपी. (ही मर्यादा जून २०२२मध्ये पंधरा हजारांवर गेली.) नियम मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो, न विचारता कोणाच्या खात्यातून पैसे जाऊ नयेत. पण आमची जुनी नोंद या चौकटीत बसत नव्हती. ती नव्यानं करायची होती, आणि ओटीपी जाणार होता माझ्या भारतीय नंबरवर. ते सिम मी जुन्या फोनमध्ये घालून नागपूरच्या घरी ठेवून आले होते. बाबा रिचार्ज करत राहतील, एवढाच विचार केला होता.

व्हिडिओ कॉल लावला. आईनं जुना फोन आणला, चष्मा चढवला. मी इकडून कार्डाचा नंबर भरला. टुंग वाजलं.

“आला. वाच बरं, आई.”

तिनं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. ती काहीही अर्धं वाचत नाही. मेसेज पहिल्या शब्दापासून वाचला आणि थांबली. “हा क्रमांक कोणालाही सांगू नका, असं लिहिलं आहे.”

“आई, मीच तर विचारून राहिले.”

“तू आहेस हे दिसून राहिलं मला. पण लिहिलं आहे ना. बाबांना येऊ दे.”

बाबा आले तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या वेळी आठचा सहा झाला, मोतीबिंदूमुळे. तिसऱ्या वेळी बाबांनी वाचला आणि नोंद झाली. पुस्तक उघडलं. आई अडून बसली ते बरोबरच होतं, आणि मी तिला तसं सांगितलं; यापुढे माझा फोन आहे असं कोणी म्हटलं तरी चेहरा दिसल्याशिवाय काही सांगायचं नाही, हेही ठरलं. परदेशी निघणाऱ्यांनी मात्र माझ्यासारखं करू नये. सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करावं, ते सोबत न्यावं आणि त्याचं रिचार्ज कधी चुकू देऊ नये. वाचनच काय, सगळा व्यवहार त्या एका चकतीवर टांगलेला असतो.

यानंतरचे पाच-सहा महिने सुरळीत गेले. मग एप्रिलमध्ये बँकेचं काम निघालं. राहायला परदेशी गेलेल्या माणसाला आपलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, हा परकीय चलनाच्या कायद्याचा, फेमाचा, नियम. पासपोर्ट, व्हिसा, इथल्या पत्त्याचा पुरावा, कुठल्या देशात कर भरते याचं घोषणापत्र, सगळं पाठवलं. खातं बदललं, त्यासोबत जुनं कार्ड बंद झालं. नवं कार्ड नागपूरच्या पत्त्यावर गेलं आणि बाबांनी ते कपाटात जपून ठेवलं. आमची नोंद जुन्या कार्डावर होती. महिना संपला आणि पाटी परत आली.

इथे मी चूक केली. हाताशी जर्मन कार्ड होतं, जर्मन पत्ता होता. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन देश बदलला. भारत होतं तिथे जर्मनी केलं. जुन्या देशातलं सदस्यत्व यामुळे संपेल अशी सूचना समोर आली होती. मी ती वाचली आणि मनावर घेतली नाही. वाटलं, वर्गणी म्हणजे वर्गणी, तिथली संपली तर इथली घेऊ. इथली घेतली. इंग्रजी पुस्तकांचा समुद्र, जर्मन पुस्तकांचा महासागर, आणि मराठी शोधायला गेले तर बोटांवर मोजण्याइतकी. आई तेव्हा जी कादंबरी वाचत होती ती जर्मनीतल्या वर्गणीत नव्हतीच. विकत घ्यायला होती, वर्गणीत नव्हती.

हा फरक समजायला मला बरेच दिवस लागले. पुस्तक विकणं आणि पुस्तक वर्गणीत देणं हे प्रकाशकाचे दोन वेगळे करार असतात, आणि दोन्हीला प्रदेशाची हद्द असू शकते. वर्गणीत लेखक-प्रकाशकाला पैसे मिळतात ते वेगळ्या हिशेबानं. काही सेवा तर प्रत्यक्ष वाचल्या गेलेल्या पानांवर मोबदला देतात. मराठी प्रकाशकानं भारतापुरतं वर्गणीत पुस्तक दिलं असेल तर त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण स्टुटगार्टमधल्या वाचकाला एवढंच दिसतं की परवापर्यंत उघडणारं पुस्तक आज उघडत नाही.

मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. आईचा टॅब नागपुरात, लक्ष्मीनगरात, तिच्या आरामखुर्चीच्या हातावर. पण तो माझ्या खात्यावर होता म्हणून तोही जर्मन झाला. माझा देश बदलल्यानं तिचं वाचनालय बंद पडलं. आणि तिच्या टिपाही गेल्या. कधी खुणेसाठी पिवळी रेघ ओढ, कधी दोन ओळी लिही, असं तिनं त्या कादंबरीत सुरू केलं होतं. शिक्षकांचा लाल पेन सुटत नाही, तसं. मी ते रात्री वाचायची. आता ती पानंच कुलपात गेली.

मदतकक्षाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं आणि स्पष्टही: खात्याचा देश म्हणजे तुम्ही कायम जिथे राहता तो. जर्मनीत राहून भारताची वर्गणी चालवता येणार नाही. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतो आहोत असं भासवणारी सोय, लावायचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. एक तर देश ठरतो तो मुख्यतः कार्डाच्या पत्त्यावरून, इंटरनेटच्या वाटेवरून नाही. दुसरं म्हणजे खोटा पत्ता देऊन घेतलेलं पुस्तक मी आईला कोणत्या तोंडानं दाखवू? तिनं ओटीपीच्या खालची ओळसुद्धा ओलांडली नव्हती.

प्रवासाला गेलेला माणूस आणि राहायला गेलेला माणूस यांच्यातला हा भेद युरोपात कायद्यानं लिहून ठेवला आहे. युरोपीय संघाचा एक नियम १ एप्रिल २०१८पासून लागू आहे: एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली डिजिटल सेवा, मग ती सिनेमाची असो, संगीताची असो की ई-पुस्तकांची, तुम्ही तात्पुरते दुसऱ्या सदस्य देशात गेलात तरी घरच्यासारखीच मिळाली पाहिजे. आम्ही व्हिएन्नाला गेलो तेव्हा माझी जर्मन वर्गणी तिथे बिनतक्रार चालली. नागपूर मात्र त्या नकाशाच्या बाहेर. सुट्टीवर घरी येताना मी पुस्तकं आधीच उतरवून घेते, म्हणजे विमानात आणि घरी नेटची अडचण येत नाही.

इंग्रजी आणि जर्मन वाचनाची सोय शेवटी वर्गणीनं नाही, शहराच्या सार्वजनिक वाचनालयानं केली. स्टुटगार्टचं हे वाचनालय म्हणजे २०११मध्ये उघडलेला एक भलामोठा पांढरा चौकोनी ठोकळा. आत गेलं की मजल्यावर मजले आणि भिंतभर पुस्तकं. तिथलं कार्ड काढलं की ‘ऑनलायहे’ नावाच्या सोयीतून ई-पुस्तकंही घरबसल्या उसनी मिळतात. जर्मनीतल्या वाचनालयांमध्ये ही सोय २००७पासून आहे. मुदत संपली की पुस्तक आपलं आपण परत जातं. दंड नाही, खेटे नाहीत. लोकप्रिय पुस्तकाला रांग मात्र लागते, कारण ई-पुस्तकाच्याही मोजक्याच प्रती वाचनालयानं घेतलेल्या असतात. पहिल्यांदा ‘आपला क्रमांक सातवा’ असं दिसलं तेव्हा मला आमच्या वाचनालयातल्या दिवाळी अंकांची यादी आठवली. मी जर्मन वर्गणी बंद केली. परदेशात गेलेल्या कोणालाही मी आधी हेच सांगते: पहिल्या महिन्यात वाचनालयाचं कार्ड काढा, वर्गणीचा विचार नंतर.

पण तिथे मराठी नव्हतं. मराठीसाठी मी पुस्तकं विकत घ्यायला लागले. बुकगंगावर परदेशातूनही ई-पुस्तक घेता येतं, इतरत्रही मिळतं. फुकट आणि कायदेशीर असंही बरंच आहे, ते मला उशिरा कळलं. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ पुस्तकं संगणकावर आणून ठेवली आहेत, साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात, मराठी विश्वकोश सगळाच्या सगळा वाचायला खुला आहे. तिथे तुमचं कार्ड कुठल्या देशाचं हे कोणी विचारत नाही.

अडचण असते ती अक्षराची. जुन्या पुस्तकांची ई-आवृत्ती म्हणजे पुष्कळदा पानाचा फोटोच असतो. तो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवत बसावं लागतं. आईसाठी हे निरुपयोगी. युनिकोडमध्ये, म्हणजे फोटोत नाही तर संगणकाला ओळखू येणाऱ्या अक्षरांत, नीट बांधलेलं पुस्तक असेल तरच अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात. त्यातही एक कसोटी मी करून पाहते. पुस्तकात ‘वऱ्हाडी’ हा शब्द शोधायचा. त्यातला तो अर्धा र, ह च्या डाव्या बाजूला बिलगलेली आडवी रेघ, नीट उमटली तर पुस्तक काळजीनं केलेलं आहे. काही पुस्तकांत तिथे र, मग पाय मोडल्याची खूण, मग ह असे सुटे तुकडे दिसतात. काहींत तर ‘वर्हाडी’ करून रेफ वर चढवलेला. दऱ्या आणि दर्या यांतला भेद ज्या यंत्राला कळत नाही त्यावर मराठी वाचताना डोळा दर पानाला ठेचकाळतो. म्हणून विकत घेण्याआधी मी नमुना प्रकरण उतरवून पाहतेच.

२०२३च्या मेमध्ये घरी आले. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागायला दोन दिवस होते. खिडकीला कूलर, वाळ्याचा वास, आणि बाबा दर तासाला त्यात पाणी टाकत होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या हिवाळ्यात झालं होतं. टॅबवरचं अक्षर तिनं सातव्या खुणेवरून चौथ्यावर आणलं होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. एका दुपारी आम्ही बसलो आणि तिचं स्वतःचं खातं उघडलं. तिचं नाव, तिचा पत्ता, तिचा फोन नंबर. पैसे यूपीआयच्या ऑटोपेनं, म्हणजे कार्ड बदललं-संपलं ही भानगडच नाही. एकदा पिन टाकून मंजुरी द्यायची आणि हवी तेव्हा फोनवरूनच बंद करायची. या वेळी ओटीपी तिनं स्वतः वाचला, स्वतः भरला आणि कोणाला सांगितला नाही. अर्ध्या तासात वर्गणी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वीच हे केलं असतं तर तिचं एकही पान बुडालं नसतं. आईवडिलांची वाचनाची सोय आपल्या खात्यावर ठेवू नये, त्यांचं खातं त्यांच्या नावावर असावं, हे मला कळायला एवढं सगळं व्हावं लागलं.

ती कादंबरी तिला तिच्या वर्गणीत लगेच सापडली. पण कोरी. टिपा माझ्या खात्यात अडकलेल्या.

मग मी माझ्या जर्मन खात्यातून तीच आवृत्ती विकत घेतली. ‘विकत’ म्हणायचं एवढंच. ई-पुस्तकाचं बटण दाबून मिळतो तो वाचण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५पासून विक्रेत्यांना हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते सगळीकडेच सांगितलं जावं असं मला वाटतं. तरी हा परवाना महिन्याच्या वर्गणीपेक्षा टिकाऊ. पुस्तक उतरलं, मी पानं उलटू लागले, आणि शेहेचाळिसाव्या पानावर पिवळी रेघ दिसली. टिपा गेल्या नव्हत्या. त्या खात्यात तशाच पडून होत्या, पुस्तक परत येण्याची वाट पाहत.

रेघ एका स्वयंपाकघरातल्या वर्णनाखाली होती. आमटीत शेवटी कोथिंबीर पडते, एवढंच. त्याला आईची टीप: “आपल्याकडे याला सांबार म्हणतात. कोथिंबीर म्हटलं की वास येत नाही.”

मी तिला आवाज दिला आणि टॅबऐवजी माझं यंत्र तिच्या हातात ठेवलं. तिनं ती वाचली, पुढच्या वाचल्या, एका टिपेतली वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली. एकूण एकतीस निघाल्या. त्या सगळ्या मी वहीत उतरवून घेतल्या, हातानं. यंत्राचा भरवसा आहे, पण एकदा पोळल्यावर वही बरी वाटते.

त्या सुट्टीत आणखी एक लक्षात आलं. मला हवी असलेली विदर्भातली पुस्तकं वर्गणीच काय, ई-पुस्तकांच्या दुकानांतही सापडेनात. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या कविता, लहान प्रकाशकांची आत्मकथनं, वर्ध्या-चंद्रपूरकडची नाटकं. जे प्रकाशकानं चढवलं तेवढंच तिथे असतं, आणि इथले कित्येक प्रकाशक एक-दोन माणसांच्या बळावर चालतात. त्यांनी पुस्तक छापायचं की फाइल बांधायची? विदर्भ साहित्य संघाला २०२३मध्ये शंभर वर्षं झाली. एवढं लिहिणाऱ्या प्रदेशाचं वाचन परदेशातल्या पडद्यावर मात्र जवळजवळ दिसत नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. त्यातली बरीचशी मला अजून कुठल्याही ई-दुकानात मिळालेली नाहीत. ती कोणी युनिकोडमध्ये, नीट अक्षरात बांधून जगभर विकायला ठेवली तर मी पहिली गिऱ्हाईक असेन. तोवर सामानाच्या २३ किलोंत सावजी मसाला किती आणि पुस्तकं किती, हा वाद आमच्या घरी दर खेपेला होतो. गेल्या दोन्ही खेपांना पुस्तकं जिंकली.

आता आईचं खातं वेगळं, माझं वेगळं. एक पुस्तक ठरवतो. ती वर्गणीतून घेते, मी विकत घेते, जे ई-स्वरूपात नाही ते ती कागदावर वाचते आणि माझ्यासाठी ठेवून देते. सगळं नियमात आहे आणि काही बंद पडत नाही. फक्त रात्री यंत्र मला आता विचारत नाही की पान २१४वर जायचं का.

म्हणून आई दुपारी वाचून झालं की व्हॉट्सॲपवर नुसता आकडा टाकते. काल १८८ आला. माझं ९२ झालं आहे.